नाझी चिन्हं अंगावर, फॅशन म्हणून: त्या अनोळखी माणसाशी बोलायचं का?

निशिगंध (धागाकर्ती)

हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. इथे वेगवेगळ्या देशांत राहणारी, वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं आहेत म्हणून मांडते.

बुलेटवरून जाणाऱ्या मुलाच्या हेल्मेटवर एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या निमलष्करी दलाच्या, दोन विजा. कॉलेजच्या गेटपाशी उभ्या मुलीच्या काळ्या टी-शर्टवर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत गोल कडं, आणि त्या कड्यात नाझींचा वाकडा क्रॉस. रस्त्यावरच्या स्टॉलवर 'आर्मी पॅच' म्हणून टांगलेली कवट्यांची रांग. पुण्यात, ठाण्यात, नाशकात मला हे सगळीकडे दिसतं. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे माझी नजर तिकडे आधी जात असेल, पण जाते हे खरं.

मागच्या पावसाळ्यात राजगडावर पद्मावती माचीवर एका मुलाच्या टोपीवर ती कवटी होती. साधी कवटी नव्हे. किंचित वळलेली, खालचा जबडा असलेली, मागे दोन हाडं. एसएसच्या ज्या तुकड्या छळछावण्यांवर पहारा देत, त्यांनी हे चिन्ह नावासकट आपलंसं केलं होतं. मुलगा अतिशय सालस. मला दम लागलेला पाहून "मावशी, पाणी देऊ का?" म्हणून स्वतःहून जवळ आला. मी पाणी घेतलं, थोड्या गप्पा झाल्या, आणि मग विचारलं की ही टोपी कुठली. ऑनलाइन घेतली म्हणाला, आवडली म्हणून. ते चिन्ह कुणाचं आहे ते मी सांगितलं. "असं होय?" म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मित्रांनी हाक मारली आणि तो टोपी तशीच घालून गेला.

मला त्याचा राग आला नाही. पण नुसतं हसून सोडून देण्यासारखंही ते वाटत नाही. २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं, आत त्याचं मोठं चित्र. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केल्यावर नाव बदललं. २०१२ मध्ये अहमदाबादेत कपड्यांचं दुकान त्याच नावाने उघडलं. मालकांचं म्हणणं असं की भागीदाराचे आजोबा कडक होते, त्यांना सगळे तसं म्हणायचे. हे खोटं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे कडक मास्तर, कडक सासू, कडक साहेब, सगळ्यांना सर्रास हिटलर म्हणतात. साठ लाख ज्यूंच्या कत्तलीचा सूत्रधार आपल्या बोलण्यात शिस्तीचा माणूस होऊन बसलाय, आणि टी-शर्टवरच्या चिन्हाची वाट तिथूनच सोपी झाली.

माझं मत सांगते. घालणाऱ्याला माहीत नसेल तर तो दोषी नाही. पण माहिती असलेल्या माणसाने गप्प बसणं मला पटत नाही. प्रश्न एवढाच की अनोळखी माणसाला कसं सांगायचं, आणि सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे का. तुमचे अनुभव लिहा.

---

चाकोरीबाहेर

ताई, तुमचा मुद्दा कळला, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी स्वतः मेटल ऐकतो आणि माझ्या मित्रांकडे असे टी-शर्ट आहेत. त्यातला एकही ज्यूद्वेष्टा नाही. आम्ही कुणी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नाही! चिन्हाचा अर्थ वापरणारा ठरवतो. सत्तरच्या दशकात लंडनच्या पंक संगीतवाल्या मुलामुलींनीही स्वस्तिकं घातली होती, ती हिटलर आवडायचा म्हणून नाही, आईबापांच्या पिढीला डिवचायला. ज्याच्या डोक्यात द्वेष नाही त्याच्या कपड्यांत तो शोधणं अन्यायाचं आहे. आणि रस्त्यात कुणी अनोळखी माणूस थांबवून माझ्या कपड्यांबद्दल बोलायला लागला तर मला अजिबात आवडणार नाही. आज टी-शर्ट, उद्या केसांची लांबी.

---

खाडीकाठ

चाकोरीबाहेर, तुम्ही आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नाही असं लिहिलंत. मी इथे बरीच वर्षं लिहितोय, आपण गडकोटांच्या धाग्यांवर कितीदा बोललोय. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे. आजोळ रेवदंड्याचं, लहानपण अलिबागेत आणि नंतर भायखळ्याला गेलं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. तुमच्यावर रागावून लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाच्या घाण्या चालवल्या, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली: रोहेकर, पेणकर, चेऊलकर. मुंबईत मांडवीला आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ साली झालं. वल्हांडणाच्या सणाची प्रार्थनापुस्तकं एकोणिसाव्या शतकातच मराठीत छापली गेली. घरी पोह्यांचा मलिदा होतो, नवस अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीला, आमच्या प्रेषिताला, बोलतात. मुद्दाम सांगतो, कारण 'ज्यू' म्हटलं की दूर युरोपातलं कुणीतरी डोळ्यांपुढे येतं. तुमच्या लोकलच्या डब्यात, बँकेच्या काउंटरवर, शाळेत शेजारच्या बाकावर आम्ही होतो आणि थोडे अजून आहोत. तुम्ही पाहिलं असेल, ओळखलं नसेल.

हेही खरं की आमच्या समाजावर हिटलरचा हात पोचला नाही. भारतात आम्हाला ज्यू म्हणून कुणी छळलं नाही, हे आमची म्हातारी माणसं आजही अभिमानाने सांगतात. आणि नेमकं त्यामुळेच ते चिन्ह मुंबईच्या रस्त्यावर बघणं मला जास्त जड जातं. इथे अश्दोदला माझ्या इमारतीत एक आजी होत्या, रुमानियातून आलेल्या. त्यांच्या घरच्या अकरा माणसांतल्या त्या एकट्या उरल्या होत्या. मी भारतातून आलोय कळल्यावर त्या म्हणायच्या, तुमचा देश चांगला, तिथे आम्हाला कुणी मारलं नाही. मागे मुंबईला आलो असताना भायखळा स्टेशनच्या पुलावर एका तरुणाच्या पाठीवर तो गरुड दिसला. त्या आजींना हे कसं सांगायचं, याचं उत्तर मला सापडलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

मी त्या तरुणाला थांबवलं नाही. २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर मुंबईच्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात. त्या दिवसापासून अनोळखी माणसापुढे मी ज्यू आहे असं म्हणताना मी आधी आजूबाजूला बघतो. त्यामुळे निशिगंधताई, बोलायचं काम आमच्यावर टाकू नका अशी विनंती आहे. तुमच्यासारख्यांनी बोललेलं त्या मुलाला जास्त पोचेल, कारण तुम्ही त्याच्या मावशीसारख्या आहात. मी बोललो तर ते दुखावलेल्या माणसाचं बोलणं ठरतं.

---

रानवारा

खाडीकाठ, वाचून गलबलून आलं. लिहिलंत ते बरं केलंत.

---

सह्यभ्रमर

या विषयात एक गोष्ट मी नेहमी सांगतो, आणि ती सांगितली की मुलं ऐकतात.

माणगावला तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. वय २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनने अगदी जवळून गोळीबार केला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण पडला किंवा जखमी झाला. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी झुंजले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, तीही इटलीतच. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून बाहेर काढलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देऊन मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघेही पाचव्या मराठा रेजिमेंटचे. इटलीच्या त्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मेले.

म्हणजे हेल्मेटवर ज्या सैन्याची चिन्हं आपण हौसेने लावतो, त्याच सैन्याच्या गोळ्यांनी आपल्या गावची पोरं गेली. मी ट्रेक नेतो. कुणाच्या अंगावर असलं काही दिसलं की शेकोटीपाशी यशवंत घाडग्यांची गोष्ट काढतो. चिन्हाचं नाव घेत नाही. ज्याचं त्याला बरोबर समजतं.

---

सातासमुद्रा

"पण हिटलरने सुभाषबाबूंना मदत केली" हे कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते. सुभाषबाबू हिटलरला मे १९४२ मध्ये भेटले, ते देश सोडवायला मिळेल तिथून मदत हवी होती म्हणून. हिटलरने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की भारत दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला त्याला बरा वाटेल. त्या पुस्तकातल्या भारताविषयीच्या मजकुरावर सुभाषबाबूंनी त्या भेटीत आक्षेप घेतला होता. आपल्याकडे ते पुस्तक फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी विकायला असतं. घेणाऱ्यांपैकी ते पान किती जण वाचतात?

दुसरा गैरसमज 'आर्य' वाला. आपण आर्य, म्हणजे तो आपल्या बाजूचा. रोमा लोक, म्हणजे युरोपातले जिप्सी, मूळचे वायव्य भारतातले, हे भाषाशास्त्राने आणि आता जनुकशास्त्रानेही दाखवलंय. नाझींनी त्यांचं काय केलं? २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशवित्झमध्ये रोमा कुटुंबांची अख्खी छावणी रिकामी केली. हजारो माणसं, त्यांत मुलं आणि म्हातारीच जास्त, एका रात्रीत गॅसने मारली. जे शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडून गेले त्यांचं हे झालं. मग आपण त्याच्या यादीत कुठे बसलो असतो?

मी लाइपझिगला राहते. इथे फौजदारी कायद्याच्या कलम ८६ए खाली नाझी चिन्हं लोकांत मिरवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन चिनी पर्यटकांनी बर्लिनच्या संसदेसमोर हिटलरी सलाम करत फोटो काढले, पोलिसांनी जागेवर पकडलं, जामीन भरल्यावर सोडलं. शिक्षण, कला, संशोधन यांना सूट आहे. नाझींना विरोध म्हणून फुली मारलेला क्रॉस लावला तर तो गुन्हा नाही, हे वरिष्ठ न्यायालयाने २००७ मध्ये ठरवलं. त्याआधी अशा विरोधाच्या बिल्ल्यांवरही खटले झाले होते.

पण कायद्याने सगळं सुटलं असं समजू नका. बंदी आल्यावर इथले नवनाझी खुणांवर गेले. ८८ हा आकडा, कारण एच हे आठवं अक्षर, आणि दोन एच म्हणजे 'हाइल हिटलर'. एक कपड्यांचा ब्रँड तर प्राचीन अक्षरांसारखं बोधचिन्ह घेऊन आला. तो घालून संसदेत आणि कित्येक फुटबॉल मैदानांत जाता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जर्मन संघाच्या नव्या जर्सीवर ४४ आकडा एसएसच्या विजांसारखा दिसतो हे लक्षात आल्यावर अदिदासने तो आकडा छापून देणं थांबवलं.

चाकोरीबाहेर, इथे मला ट्राममध्ये कुणाच्या जाकिटावर असं काही दिसलं तर मी पुढच्या डब्यात जाते. माझ्या रंगाच्या बाईला तो धोका पत्करता येत नाही. घालणाऱ्याच्या मनात काय आहे हे तपासायला मी थांबत नाही, थांबू शकत नाही. तुम्ही म्हणता अर्थ वापरणारा ठरवतो. पण मला अर्थ ठरवायला दोन सेकंद असतात, आणि त्यावर माझी सुरक्षितता अवलंबून असते.

---

चाकोरीबाहेर

खाडीकाठ काका, तुम्ही ज्यू आहात हे मला खरंच माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सातासमुद्रा, जर्मनीतलं मला पटतं. तिथे घालणारे नव्वद टक्के खरेच तसले असणार. पण संदर्भ बदलला की अर्थ बदलतो यावर मी ठाम आहे. आणि मग सगळ्यांना एकच नियम लावा. विळा-हातोड्याचे टी-शर्ट? चे गवेराचे? क्यूबाच्या क्रांतीनंतर हवानातल्या ला काबान्या किल्ल्यावर त्याच्या हाताखाली लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा तो १९६० चा फोटो जगभर छातीवर मिरवतात, त्यांना कुणी थांबवत नाही.

---

पंचगंगा

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचा आमच्या कोल्हापूरशी सरळ संबंध आहे.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. चर्च, शाळा, दवाखाना, नाटकं, सगळं होतं. अनेकांना वाटतं की ते हिटलरच्या तावडीतून पळून आले. तसं नाही. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाने घेतला होता, आणि फेब्रुवारी १९४० पासून या कुटुंबांना मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. भूक आणि थंडीने वाटेत आणि तिथे असंख्य मेले. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते आपल्याकडे पोचले.

त्या मुलांपैकी काही जण म्हातारपणी वळिवडे बघायला परत आले. त्यांच्यासमोर कुणी विळा-हातोड्याचा टी-शर्ट फॅशन म्हणून घालून उभं राहिलं असतं तर? लिथुआनियाने २००८ मध्ये नाझी आणि सोव्हिएत, दोन्ही चिन्हांवर एकाच कायद्याने बंदी घातली, कारण त्यांनी दोन्ही भोगलं. चाकोरीबाहेर यांच्याशी मी इथपर्यंत सहमत आहे की पश्चिमेत लाल चिन्हाला जी सवलत मिळते ती पूर्व युरोपातल्या माणसाला अपमानास्पद वाटते.

---

गिरणगाव

पंचगंगा, वळिवड्याच्या लोकांनी भोगलं ते नाकारणारा मी कोण. पण विळा-हातोड्याला नाझी चिन्हाच्या रांगेत बसवाल तर मला बोलावं लागेल.

माझे वडील परळला गिरणीत होते. आमच्या चाळीत लाल बावटा म्हणजे आठ तासांची पाळी, बोनस, कामावरून काढलेल्या माणसाच्या घरी पोचलेलं धान्य. अण्णाभाऊ आणि अमर शेख त्याच झेंड्याखाली गायले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही तो झेंडा होता. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आदिवासी शेतकरी लाल टोप्या घालून चालत आले, पायांची सालटी निघालेली. त्यांच्या डोक्यावरचं चिन्ह कझाकस्तानच्या छावणीचं नव्हतं. भारतात ते मान्यताप्राप्त पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे.

एका चिन्हाने एका जागी माणसं चिरडली आणि दुसऱ्या जागी उभी केली, असं होतं. नाझी चिन्हाचं तसं नाही. त्याने कुठल्या मजुराला पाळी मिळवून दिली? एका वंशाने दुसऱ्यांना संपवायचं, हाच त्याचा जाहीर कार्यक्रम होता. त्याला दुसरा इतिहास नाही. मात्र पोलंडला, वॉर्सात जाताना मी लाल तारा लावून जाणार नाही. तेवढी समज झेंडा वाहणाऱ्याला असावी.

---

ओसरी

मी न्यू जर्सीत असते. इथे आपली गोष्ट उलटी होते, तीही लिहिते. संशयाची नजर आपल्याकडे वळते.

दिवाळीत दारात रांगोळी, त्यात स्वस्तिक. नवीन गाडीची पूजा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, तशीच गाडी पार्किंगमध्ये. शेजारच्या वयस्कर बाई थबकल्या, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी विचारायला आली. मी त्या दोघींना घरात बोलावलं, देवघर दाखवलं, आईच्या लग्नपत्रिकेवरचं स्वस्तिक दाखवलं. त्यांच्या आजोबांचं ज्यू कुटुंब पोलंडमधल्या लोड्झ शहरातलं, कुणी वाचलं नाही. आमच्या गप्पा लांबल्या, चहा झाला. त्या मुलीने येऊन विचारलं याचे मला आजही आभार मानावेसे वाटतात. न विचारता तक्रार करणंही शक्य होतं.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानेही त्याच वर्षी कायदा करताना हिंदू, बौद्ध, जैनांचं धार्मिक स्वस्तिक स्पष्टपणे वेगळं काढलं. ओळखायची खूण म्हणून लोक सांगतात की नाझींचं तिरकं आणि आपलं सरळ, चार ठिपक्यांचं. बहुतेकदा खरं आहे, पण नाझींनी सरळही वापरलंय, हिटलरच्या खासगी ध्वजावर ते सरळ होतं. त्यामुळे रंग, वर्तुळ, जागा, सोबत काय आहे, हे सगळं बघावं लागतं.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्येही हे चिन्ह शुभ होतं. १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो यांच्या प्रतिनिधींनी जाहीरनामा काढून आपल्या विणकामातून ते काढून टाकलं. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनचं चिन्हही आधी पिवळं स्वस्तिक होतं. ते बदलून त्यांनी गरुडासारखा थंडरबर्ड घेतला, आणि तीच डिव्हिजन एप्रिल १९४५ मध्ये दाखाऊची छावणी मुक्त करणाऱ्यांत होती. आपण आपलं स्वस्तिक सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. मी सोडणार नाही. पण म्हणूनच भारतात कुणी नाझींचं ते वर्तुळातलं काळं चिन्ह 'आपलंच तर आहे' म्हणत मिरवतो तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. इथे आम्ही दारोदार समजावून फरक सांगतो, आणि तिथे तो फरक आपणच पुसून टाकतो.

---

तिरपी शाई

माझा प्रिंटिंगचा व्यवसाय आहे, टी-शर्ट, टोप्या, गणेश मंडळांचे ऑर्डर. माल तिरुपूरहून येतो, छपाई आमची. या बाजूने थोडं सांगतो.

डिझाइन कुणी 'बनवत' नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊन येतं, किंवा हजार-हजार डिझाइनच्या फायली पेन ड्राइव्हवर विकत मिळतात. 'स्कल', 'ईगल', 'बायकर', 'मिलिटरी' अशा फोल्डरांत सगळं एकत्र. नाझी गरुड आणि साधा गरुड एकाच फोल्डरमध्ये. मशीनवर बसलेला मुलगा दिवसाला शे-दोनशे नग काढतो, त्याने काय ओळखायचं? मोठ्या कंपन्यांकडूनही सुटतं. झाराने २००७ मध्ये स्वस्तिकं असलेली बॅग परत घेतली होती, ती भारतातल्या पुरवठादाराकडून गेली होती आणि त्याच्या मनात अर्थातच आपलं शुभचिन्ह होतं. २०१४ मध्ये त्याच कंपनीने लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढला, छातीवर पिवळा तारा. शेरीफचा तारा म्हणून होता, दिसत होता छावणीतल्या मुलाच्या कपड्यासारखा. तोही परत घेतला.

घालणाऱ्याला एकेकट्याला गाठण्यापेक्षा आम्हाला सांगा. एक माणूस समजला तर हजार टी-शर्ट थांबतात. एसएसच्या विजा, ती वळलेल्या मानेची कवटी, कड्यातला गरुड, हे मी आता छापणार नाही. गिऱ्हाइकाला सांगीन की हे चालत नाही, दुसरा गरुड देतो. कोणी वाद घालत बसत नाही हो, त्यांना गरुड हवा असतो.

पण मला एक नक्की करून हवंय. बुलेटवाले सगळ्यात जास्त मागतात तो आयर्न क्रॉस, जर्मन सैन्याच्या पदकावरचा क्रॉस. तो छापायचा की नाही?

---

निशिगंध

तिरपी शाई, तुमचा प्रतिसाद माझ्यासाठी या धाग्यातला सगळ्यात उपयोगाचा. उगमापाशी थांबवण्याचा विचार मी केला नव्हता.

चाकोरीबाहेर, तुम्ही अधिकाराचा प्रश्न काढलात. कपड्यांवरून मुलामुलींना हटकणाऱ्यांचा मलाही तिटकारा आहे. पण 'हे घालू नकोस' म्हणणं वेगळं आणि 'हे काय आहे तुला माहीत आहे का' विचारणं वेगळं. ओसरीच्या शेजारणीच्या मुलीने दुसरं केलं. मी चारचौघांत विचारत नाही, मित्रांसमोर तर नाहीच, कारण तिथे त्याला माघार घेता येत नाही. फोटो काढून कुठे टाकत नाही. २०१९ च्या जानेवारीत थायलंडमध्ये एका गायिका मुलीने तालमीत नाझी झेंड्याचा टी-शर्ट घातला होता. जगभर तिचे फोटो फिरले, मंचावर रडत तिने माफी मागितली. त्याने तिला किती समजलं आणि किती नुसती भीती बसली, सांगता येत नाही. तैवानमध्ये २०१६ साली शाळेच्या मुलांनी नाझी गणवेश घालून संचलन केलं तेव्हा मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला. मुलांपेक्षा मोठ्यांना जाब विचारला गेला, ते मला जास्त बरोबर वाटलं.

आणि विचारल्यावर समोरचा "मला माहीत आहे, आणि तो बरोबरच होता" म्हणाला, तर? असं एकदा झालंय, रेल्वेत. सुशिक्षित, चाळिशीचे गृहस्थ. त्यांना मी शांतपणे सांगितलं की मला हे भयंकर वाटतं, आणि जागा बदलली. तिथे फॅशन नव्हती. तो त्यांचा विचार होता आणि त्याला विचार म्हणूनच विरोध करायला हवा.

खाडीकाठ, तुमची विनंती मला मान्य आहे. बोलायचं काम आमचं.

---

चाकोरीबाहेर

माझं सगळं मत बदललं असं म्हणणार नाही. अनोळखी माणसाने रस्त्यात थांबवलेलं मला अजूनही नको आहे. पण सह्यभ्रमर म्हणतात तसं ओळखीच्यांत विषय काढणं मी करू शकतो. आमच्या ग्रुपमध्ये एकाचं मूळ गाव माणगाव तालुक्यात आहे. त्याच्याकडे तो गरुडवाला हूडी आहे. यशवंत घाडग्यांचा पुतळा त्याने हजार वेळा पाहिला असणार. त्याच्याशी बोलून इथे लिहितो.

---

सातासमुद्रा

तिरपी शाई यांच्या आयर्न क्रॉसबद्दल: हे चिन्ह नाझींचं नाही. प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात शौर्यपदक म्हणून काढलं, आणि आजचं जर्मन सैन्यही त्याचंच एक रूप विमानांवर, रणगाड्यांवर वापरतं. जर्मनीत नुसत्या आयर्न क्रॉसवर बंदी नाही. बंदी आहे ती १९३९ च्या आवृत्तीवर, जिच्या मधोमध नाझी क्रॉस आहे. १९५७ नंतर जुन्या सैनिकांना ते पदक लावायचं तर मधे ओकची पानं असलेलं लावावं लागे.

त्यामुळे कोरा क्रॉस छापायला हरकत नाही असं माझं मत. मधलं चिन्ह आणि खाली १९३९ असेल तर नको. हेल्मेटच्या दोन बाजूंना लावायच्या ढालीसारख्या स्टिकरांच्या जोड्याही नीट बघा, त्यांत एका बाजूला बहुतेकदा विजा असतात. तुमच्या फायलींतल्या शंकास्पद डिझाइनचे फोटो मला निरोपातून पाठवा, मी एकेक बघून कळवते. शनिवार-रविवार मोकळी आहे.